जडवस्तू क्रमांक एकतीस

१७ नोव्हेंबर २०१३, रविवार. रक्कम सात हजार शंभर रुपये. हजर: लातूरच्या आमच्या मंडळीतली लहानमोठी एकशे बारा माणसं (जेवणाच्या पत्रावळ्या मीच मोजून लावल्या होत्या, म्हणून आकडा पक्का), लिलाव पुकारणारे सेक्रेटरी, पांढऱ्या झग्यातला माझा नवरा, कडेवर सव्वा वर्षाची मुलगी घेतलेली मी, आणि वेदीपुढे चादर पांघरून उभी असलेली माझी शिलाई मशीन.

सात हजार शंभरला ती मशीन गेली. ती विकायला काढलेलीच नव्हती. हे त्या चर्चमध्ये फक्त दोघांना ठाऊक होतं, नवऱ्याला आणि मला, आणि आम्ही दोघंही तोंडातून चकार शब्द न काढता उभे होतो. का, ते सांगायला पाच महिने मागं जावं लागेल.

त्या जूनमध्ये आम्ही नांदेडहून लातूरला आलो. पाळक म्हणून नवऱ्याची ही पहिलीच नेमणूक. लग्नाआधी चार वर्षं मी नांदेडच्या एका पतसंस्थेत कारकून होते. दिवसअखेर एका रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही अशी तिथं शिस्त होती, आणि तो रुपया बहुतेक वेळा मलाच सापडायचा. ती नोकरी सोडून मी पाळकीणबाई झाले. पाळकीणबाईला पगार नसतो, रजा नसते, आणि वरिष्ठ मात्र मंडळीत जितकी कुटुंबं असतील तितके असतात. आमच्या मंडळीत एकेचाळीस होते.

सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. नवऱ्याच्या पुस्तकांची चार खोकी, दोन गाद्या, एक पिंपभर भांडी, आणि मशीन. माझे वडील विष्णुपुरीला धरणाच्या कॉलनीत चौकीदार होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी आम्हा तिन्ही भावंडांना एकेक वस्तू घेऊन दिली. भावाला सायकल, बहिणीला कपाट आणि मला ही पायाची मशीन. तिचं डोकं आत दुमडलं की वरची फळी सपाट व्हायची आणि तिचं टेबल व्हायचं. ही सोय पुढं मला महागात पडली.

पाळकगृह चर्चच्या मागं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पत्र्याची पडवी. आम्ही आलो तेव्हा ते रिकामं असेल असं मला वाटलं होतं, पण ते भरलेलं होतं. आमच्या लोकांत पाळकाचं घर मंडळीनं लावून द्यायचं अशी रीत आहे, आणि रीत चांगलीच आहे. पण नुसतं देऊन कुणाचं समाधान होत नाही. दिलेल्या वस्तूवर नाव लागतं. पहिल्या रात्री गादीवर आडवी झाले आणि वर बघितलं, तर पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात लिहिलेलं होतं की हा पंखा प्रभूमध्ये निजलेल्या अमुक आईच्या स्मरणार्थ. पंखा चालू केला की अक्षरं नाहीशी व्हायची. लाइट गेली की आई परत यायच्या. लातुरात लाइट बरीच जायची.

खाटेवर पन्नासाव्या वाढदिवसाचं नाव होतं. घड्याळावर मुलगा नोकरीला लागल्याचं, आरशावर बायपास यशस्वी झाल्याचं. न्हाणीघरातल्या बादलीवरसुद्धा बारीक ठिपक्यांनी एका कुटुंबाचं आडनाव कोरलेलं होतं. छतावरची पाण्याची टाकी सर्वांत मोठी, म्हणून तिच्यावरचं नावही सर्वांत मोठं. ते रस्त्यावरून वाचता यायचं. नळाला तेव्हा दहा दिवसांनी पाणी यायचं. दात्यांनी टाकी दिली होती, पाण्याचं मात्र देवावर सोपवलं होतं.

टाकी देणारे, खाट देणारे आणि एकूण अकरा वस्तू देणारे गृहस्थ एकच. त्यांचा प्लॉट विकण्याचा धंदा होता आणि सगळे त्यांना दादा म्हणत. चर्चमध्ये ते पहिल्या बाकावर बसायचे. माणूस कंजूष नव्हता, हे आधीच नमूद करते. कबूल केलेला पैसा तिसऱ्या दिवशी रोख आणून देणारा मंडळीत तोच एक होता. पण त्यांच्या हातून काही सुटलं की त्याच्या मागोमाग पेंटर यायचा.

दाते भेटायला येत. भेट आमची आणि पाहणी त्यांच्या वस्तूची.

"आमचा पंखा फिरून राहिला ना बरोबर?" पंखेवाल्या काकू दारातूनच विचारत. मग त्याखाली बसून, मान वर करून पाच मिनिटं आईकडं बघत. "तिसऱ्यावर ठेवत जाऊ नका, पाळकीणबाई. दोनवर पुरतो."

मी दोनवर करायची. त्या गेल्या की तीनवर.

दुसऱ्या एक बाई थेट स्वयंपाकघरात यायच्या. "मागल्या पाळकीणबाई ताटं उभी लावायच्या," त्या म्हणायच्या. त्या मागल्या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण पहिल्या महिन्यात मला त्यांचा मनापासून राग येऊ लागला. तो चुकीच्या माणसावरचा राग होता. ते पुढं येईल.

या सगळ्याची नोंद एका रजिस्टरला होती. मंडळीचे सेक्रेटरी निवृत्त मुख्याध्यापक. शाळेत जडवस्तू संग्रह नावाची एक वही असते. बाक, फळे, घंटा वगैरे त्यात लिहितात. सरांनी तशीच वही पाळकगृहासाठी घातली होती. आल्या दिवशी त्यांनी ती वाचून दाखवली आणि खाली माझ्या नवऱ्याची सही घेतली. एकूण तीस वस्तू. चौदा नंबरला पाळणा होता. सागवानी, सुंदर, कड्या पितळी, आणि बाजूच्या पट्टीवर दादांचं नाव. आमच्या मुलीची झोळी मी घडी करून ठेवून दिली आणि तिला त्यात झोपवलं.

मशीन त्या वहीत नव्हती. रात्री नवरा म्हणाला, "या घरात आपल्या दोघांवर आणि मशीनवर तेवढं कुणाचं नाव नाही."

"माझ्यावर तुमचं आहे," मी म्हटलं. "मशीनचं तेवढं खरं."

महिना आठ हजार मानधन ठरलं होतं. जूनचं आणि जुलैचं मिळालं. ऑगस्टपासून खजिनदार नुसते "बघून राहिलो" म्हणू लागले. नवरा रविवारी दुपारी चाकूर तालुक्यातल्या तीन खेड्यांत उपासना घ्यायला एसटीनं जायचा आणि संध्याकाळी पिशवीत अंडी, ज्वारी, कधी शेंगा घेऊन यायचा. खेड्यातल्या त्या माणसांनी कधी कशावर नाव घातलं नाही. पण अंडं देऊन गॅसचं सिलिंडर मिळत नाही. मी ब्लाऊज शिवायला घेतले. बाहेरच्यांना ऐंशी रुपये, मंडळीतल्यांना सत्तर.

यावर कुजबुज झाली. पाळकीणबाईनं पैसे घेऊन शिवावं का, असा प्रश्न बायकांच्या प्रार्थनासभेत निघाला. तो मिटवला सिस्टर मावशींनी. या आमच्या सर्वांत थोरल्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. निम्म्या मंडळीच्या जन्माच्या वेळी त्या हजर होत्या, त्यामुळं त्यांचा शब्द कुणालाच मोडता यायचा नाही.

"फुकट शिवलं की बाही लई तोकडी होते," त्या म्हणाल्या. "माझं माप घे गं. बाकीच्यांकडून घेतेस तसं सत्तरच घे, पण घे."

ऑक्टोबरअखेर मशीनचे महिन्याचे तीन हजार येऊ लागले. नवऱ्याच्या मानधनाचं शून्य. म्हणजे लातूरच्या मंडळीचा पाळक तेव्हा माझ्या बापाच्या निवृत्तीच्या पैशावर उभा होता. हे कुणाला सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

आता हंगामाचा सण. उडीद, मूग, सोयाबीन निघाले की पहिलं पीक चर्चमध्ये आणायचं. शेत असेल त्यानं शेतातलं, नसेल त्यानं कोंबडी, नारळ, केक, काहीही. ते वेदीपुढं मांडायचं, उपासना झाली की तिथंच लिलाव. आणि लिलावाची गंमत अशी की घेणारा वस्तू घरी नेत नाही. तो ती परत देवाला देतो आणि ती पुन्हा पुकारली जाते. त्या वर्षी एक अंडं पाच वेळा विकलं गेलं. एकूण अकराशे साठ रुपये. शेवटी ते कुणी नेलं ते माहीत नाही. इतक्या मान्यवरांच्या हातून गेलेलं अंडं फोडायचा धीर कुणाला झाला असेल असं वाटत नाही.

आदल्या दिवशी, शनिवारी, तरुण संघाची पोरं सजावट करत होती. भोपळे ठेवायला त्यांना टेबल कमी पडलं. पाळकगृहाचं दार कायम उघडं. कारण ते मंडळीचं, आणि आपल्याच घराचं दार कोण वाजवतं? मी मुलीला घेऊन दवाखान्यात गेले होते. परत आले तर खिडकीखालची जागा रिकामी. मशीन चर्चमध्ये भोपळे घेऊन उभी होती आणि तिच्यावर माझीच पांढरी चादर.

"सणापुरती नेली, वहिनी," त्यांच्यातला एक म्हणाला. "उद्या संध्याकाळी जागेवर."

मी म्हटलं, ठीक आहे. ती माझी चूक. पतसंस्थेत असते तर पावती घेतली असती.

रविवारी नवऱ्यानं उपदेश केला. विषय त्याचा त्यानंच निवडलेला: ते एक जोडपं होतं, त्यांनी शेत विकलं, आलेल्या पैशातला थोडा भाग गुपचूप मागं ठेवला आणि सगळं दिलं म्हणून सांगितलं. आधी नवरा जागेवर कोसळला, तीन तासांनी बायको. माझा नवरा तरुण होता, मनापासून बोलला. देवापुढं ठेवलेलं मागं घेऊ नका, असं त्यानं तीन वेळा सांगितलं. पहिल्या बाकावर दादा मान डोलावत होते.

मग लिलाव. भोपळे संपले, नारळ संपले, अंडं पाच फेऱ्या करून आलं. सरांनी रिकाम्या टेबलावरची चादर ओढली आणि आनंदानं थांबले.

"अरे वा," सर म्हणाले. "पाळकसाहेबांच्या घरून मशीन आली हाय. बोलून दाखवलं तेच करूनही दाखवलं. टाळ्या."

मशीन नेणारी पोरं बाहेर जेवणाची पातेली उतरवत होती; बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नवऱ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा झग्यासारखा पांढरा झाला होता. तासाभरापूर्वीच त्यानं एका बायकोला तीन तासांनी मारलं होतं. आता तो कुठल्या तोंडानं म्हणणार, की ही आमची आहे, हिला हात लावू नका? आणि मी तरी? मी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

बोली पाचशेला सुरू झाली. माझ्या मशीनची बोली वर वर जात होती. चार हजारांपर्यंत तिघं होते, पाचच्या पुढं दोघं. सात हजार शंभरला दादांनी सोडवली. बाजारात नवी तेवढ्याला आली असती. टाळ्या पडल्या, दादा उठले, आणि रीतीप्रमाणं म्हणाले:

"ही मी परत पाळकगृहाला देऊन राहिलो. पाळकीणबाईच्याच कामाला येऊ दे."

सगळ्यांना वाटलं, किती छान. मलाही दोन मिनिटं तसंच वाटलं. गेली होती ती परत आली, माझं काय गेलं? मग मला पेंटर आठवला.

सोमवारी मी सरांकडं गेले. ते ओसरीवर पेपर वाचत होते. मी सरळ सांगितलं, की मशीन अर्पण नव्हती, पोरांनी भोपळ्यासाठी नेली होती.

सरांनी चष्मा काढला. "मग तुम्ही कालच बोलायचं न्हाई का?"

"तो उपदेश झाल्यावर?"

"हाव, ते बी खरंच." त्यांनी पेपरची घडी घातली. वाईट माणूस नव्हता तो. त्यांना नुसती वही बरोबर लागायची. "पण आता पावती फाटली. अन् पाळकीणबाई, वेदीपुढं ठेवलेली वस्तू उचलता येत न्हाई. आपल्यात तसा नियमच हाय."

बुधवारी मशीन घरी आली. समोरच्या फळीवर पिवळ्या ऑइलपेंटमध्ये दादांचं पूर्ण नाव, त्यापुढं बी.ए., त्याखाली 'पाळकगृहास सप्रेम भेट'. मागोमाग सर वही घेऊन आले. जडवस्तू क्रमांक एकतीस. नवऱ्यानं सही केली.

गुरुवारी खजिनदार आले आणि एका महिन्याचं थकलेलं मानधन देऊन गेले. सणाचे पैसे आले होते ना. मी मनात मांडून बघितलं: माझी मशीन विकून माझ्या नवऱ्याचा पगार झाला होता, आणि मशीन आता त्यांची होती.

तरी मी मनाला समजावलं. खिडकीखाली तीच जागा, तोच पट्टा, तीच सुई. वहीत काहीही लिहिलेलं असो. दादांच्या घरच्या काकू ब्लाऊज टाकायला आल्या की फळीवर बोट फिरवत म्हणायच्या, "ह्यांचं नाव किती ठसठशीत आलंय." मी त्यांचा काठ दुमडत "हो" म्हणायची.

फेब्रुवारीत एक फोन आला. मागल्या पाळकीणबाईंचा, ताटं उभी लावणाऱ्या. त्या तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होत्या. आवाज अगदी साधा. इकडचं तिकडचं विचारून झालं, मग त्या म्हणाल्या, "एक विचारू का? पाळणा आहे का हो अजून?"

"आहे. माझी मुलगी झोपते त्यात."

"कड्या पितळीच आहेत ना?"

"हो."

"माझ्या आईनं दिला होता. माझ्या दुसऱ्या बाळाच्या वेळी. सणाला त्यात शेंगा भरून ठेवल्या होत्या पोरांनी." त्या थोडं हसल्या. "बदली झाली तेव्हा सरांनी वही वाचली. चौदा नंबर. मी ठेवून आले. त्याला तेल लावत जा, एवढंच सांगायचं होतं."

मी फोन ठेवला आणि मुलीला पाळण्यातून उचलून झोळीत घातलं. मुलगी रडली, कारण झोळी तिला आता लहान पडत होती. तेव्हा मला कळलं की हा एकदाच झालेला घोटाळा नव्हता. पाळकाचं कुटुंब दोन-तीन वर्षं राहतं, जातं, आणि जाताना त्याच्याजवळचं सगळ्यात चांगलं ते मागं राहतं. कुणी चोरत नाही. सगळे टाळ्या वाजवतात.

आमच्या बदलीची बोलणी सप्टेंबरात सुरू झाली. पुढच्या जूनमध्ये नांदेड, असं नवऱ्याला वरून सांगण्यात आलं. म्हणजे जूनमध्ये सर वही वाचणार, आणि एकतीस नंबर आला की माझा बाप चौकीदार म्हणून तीस वर्षं रात्री जागला ते सगळं लातुरात सोडून मला टेम्पोत बसायचं. मध्ये एकच संधी होती. पुढचा हंगामाचा सण.

नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. सिस्टर मावशींना सांगितलं, पाळण्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वजन किती असंल?"

"मशीनचं? दोघींना जड, चौघींना होईल."

"मग मी अन् तू धरून अजून दोघी लागतील. गुडघे दुखतात माझे, मी चाकाकडनं धरीन."

१६ नोव्हेंबर २०१४. पाऊस कमी झाला होता, सोयाबीन हाताला लागलं नव्हतं, वेदीपुढं भोपळे चारच. उपासनेच्या आधी आम्ही चौघींनी मशीन नेऊन मधोमध ठेवली. चादर घातली नाही. पिवळी अक्षरं मंडळीकडं तोंड करून.

लिलाव सुरू झाला आणि सर तिच्यापाशी येऊन थांबले. "ही कशी आली इथं?"

"चालत न्हाई आली," सिस्टर मावशी जागेवरून म्हणाल्या. "आम्ही आणली."

मी उठले. "पाळकगृहाकडून अर्पण, सर."

"पण ही रजिस्टरला हाय, पाळकीणबाई."

"मागच्या वर्षी कुठल्याच रजिस्टरला नव्हती. तेव्हा कुणी विचारलं नाही."

पुरुषांच्या बाजूला हालचाल झाली. दादांनी मान वळवली. "दिलेली वस्तू पुन्हा लिलावात?" ते म्हणाले. त्यांना खरंच दुखलं होतं.

"अंडं पाच वेळा विकलं होतं, दादा," मी म्हटलं. "मशीन दोनदा का नको? आणि वेदीपुढं ठेवलेली वस्तू उचलता येत नाही. सरांनीच सांगितलंय मला."

सर माझ्याकडं बघत राहिले. आपलंच वाक्य परत आलेलं त्यांनी ओळखलं. नियम म्हणजे नियम. तो माणूस आयुष्यभर त्यावर उभा होता. त्यांनी घसा साफ केला. "पहिली बोली शंभर."

"एकशे एक," मी म्हटलं.

बायकांच्या बाजूला त्या दिवशी मला धरून त्रेपन्न जणी होत्या. त्यातल्या एकोणतीस जणींच्या अंगावर माझ्या हातचं ब्लाऊज होतं. मी मागून मोजलं होतं. माझी पाठीची दोरी मला कुठंही ओळखू येते. त्या एकोणतीस जणी पुरुषांच्या बाजूला बघत होत्या. एका गृहस्थांनी बोलायला तोंड उघडलं आणि जांभई देऊन मिटलं.

"एकशे एक," सर म्हणाले. "एवढ्या मोठ्या दात्याचं नाव हाय हिच्यावर. एकशे एकला सोडायची? एकशे एक, एक वार."

दादा उठले. त्यांचं नाव एकशे एकला चाललं होतं, आणि तेही सगळ्यांदेखत. कुठल्याही माणसाला लागेल. "पाच," ते म्हणाले, पुढं हजार यायचं होतं.

"अहो, बसा," समोरच्या बाजूनं त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "गेल्या साली सात हजार घातले, घरात काय आलं? नाताळचे माझे तीन ब्लाऊज हायत तिच्याकडं. कापलेले."

दादा तसेच उभे. मग त्यांनी मनगट वर करून घड्याळाकडं बघितलं. "पाच वाजत आले," ते म्हणाले. "आटपा लवकर."

एक वाजला होता.

"दोन वार," सर म्हणाले. "तीन वार."

टाळ्या पडल्या नाहीत. सिस्टर मावशींनी तेवढं "आमेन" म्हटलं. रीतीप्रमाणं मी ती परत देवाला देईन म्हणून सर थोडा वेळ वाट बघत थांबले. मी पर्स उघडून शंभराची नोट आणि एक रुपया काढला, खजिनदारांच्या पुढं ठेवला आणि पावतीसाठी हात पुढं केला.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही परत त्याच जोडप्यावर उपदेश केला असता."

तो हसला नाही. मशीनजवळ खाली बसला आणि सैल झालेला पट्टा चढवू लागला. "मागच्या वर्षी मी बोलायला पाहिजे होतं," म्हणाला. मी 'हो' म्हटलं, कारण ते खरं होतं.

जून २०१५ मध्ये सरांनी वही वाचली. एकतीस नंबरवर त्यांनी लाल शाईनं रेघ मारली होती आणि बारीक अक्षरात 'लिलावात विक्री' लिहून पावतीचा क्रमांक टाकला होता. चौदा नंबर त्यांनी वाचला, मी पाळण्यावर हात ठेवून "आहे" म्हटलं, आणि पाळणा तिथंच राहिला. दोन वस्तूंसाठी भांडायची माझ्यात हिंमत नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी त्याला तेल लावलं, एवढंच. मागल्या बाईंना मी हे अजून कळवलेलं नाही.

नांदेडला आल्यावर पहिल्या आठवड्यात पेंटर बोलावला. तो फळीसमोर उकिडवा बसला, नाव वाचलं, बी.ए. वाचलं. "चांगलं रंगवलंय की, बाई. कुणाचं हाय?"

"कुणाचं नाही," मी म्हटलं. "काढा."

एकूण खर्च असा. लातूरच्या मंडळीच्या खजिनदारांना एकशे एक रुपये, पावती माझ्याजवळ आहे. पेंटरला, नाव खरवडून वर पॉलिश मारण्याचे, साठ. त्यानं ऐंशी मागितले होते.